टक झालं का?

गाडीचा एसी लावला की बॉनेटच्या आतून 'टक' असा एक आवाज येतो. तुम्ही तो बहुधा ऐकला नसेल. रोज येणारा आवाज कोण ऐकतो? मीही सात वर्षं ऐकला नव्हता. यंदा मार्चच्या शेवटच्या आठवड्यात सोलापूरच्या उन्हानं रंग दाखवायला सुरुवात केली आणि मी मोसमात पहिल्यांदा एसीचं बटण दाबलं. दिवा लागला. वारा आला. तो वारा असा होता की बायकोनं विचारलं, "हीटर लावलात का?" तेव्हा लक्षात आलं की काहीतरी व्हायचं राहिलंय. पाहुणे म्हणून जावं, पाणी व्हावं, गप्पा व्हाव्यात आणि चहाच येऊ नये, तसं वाटलं.

"गॅस संपला असणार," शेजारचे म्हणाले.

ते गॅलरीत दात घासत होते. मी त्यांना काही विचारलं नव्हतं, फक्त बॉनेट उघडलं होतं. तोंडातला फेस थुंकून त्यांनी आणखी एक शेरा मारला, "रंग मात्र झकास बसलाय हं!" गेल्या दिवाळीत, ऐन लक्ष्मीपूजनाच्या संध्याकाळी, एका रिक्षानं आमच्या गाडीला समोरून मिठी मारली होती. डेंटिंग-पेंटिंगवाल्यानं रेडिएटरसमोरची पत्र्याची आडवी पट्टी ठोकून सरळ केली आणि तिला असा काही रंग दिला की बॉनेट उघडणारा प्रत्येक माणूस आधी त्या पट्टीचं कौतुक करायचा आणि मग गॅसकडे वळायचा.

पुढच्या चार दिवसांत गॅस संपल्याचं मला दूधवाल्यानं सांगितलं, इस्त्रीवाल्यानं सांगितलं, बँकेत पासबुक भरून घ्यायच्या रांगेतल्या एका अनोळखी गृहस्थांनी सांगितलं. बार्शीच्या मेहुण्यांना तर मी फोनवर "गाडीचं जरा..." एवढंच म्हणालो होतो. आमच्या सोसायटीत पाण्याच्या टाकीला कुठला रंग द्यायचा यावरून तीन वर्षं बैठका चालल्यात, पण गॅसवर सगळे एक.

गाडीच्या एसीतला गॅस पेट्रोलसारखा संपत नसतो. लहान गाडीत तो सगळा मिळून चारशे-पाचशे ग्रॅम असतो. बंद नळ्यांतून गोल फिरायचं, आतली उष्णता उचलायची, बाहेर टाकायची आणि परत यायचं, एवढंच त्याचं काम. तो कमी झाला असेल तर तो कुठूनतरी गळालाय, आणि गळताना सोबतच्या तेलाचा डाग त्या जागी सोडून गेलाय. म्हणजे आधी डाग शोधायचा, मग गळती बंद करायची आणि मग गॅस भरायचा. हे सगळं मला मे महिन्यात कळलं. मार्चमध्ये मी पासबुकाच्या रांगेतल्या गृहस्थांवर विश्वास ठेवला.

काचेची केबिन असलेल्या एका गॅरेजात गेलो. एका पोरानं निळ्या-लाल नळ्यांची दोन घड्याळं लावली. दोन्ही काटे एकशेतीसच्या आसपास, जुळ्या भावांसारखे उभे. "बघा साहेब," तो म्हणाला. मी बघितलं. काय बघायचं ते त्यानं सांगितलं नाही आणि मीही विचारलं नाही. कॉम्प्रेसर बंद असताना दोन्ही बाजूंचा दाब सारखाच असणार, आणि चाळीस अंशांच्या उन्हात काटा एकशेतीसवर असेल तर आत गॅस आहे, हे सांगायला तिथं कुणी नव्हतं. त्यानं जुना गॅस काढला, नवा भरला, "थोडी चालवा, कूलिंग येईल" म्हणाला आणि १,८०० रुपये घेतले.

गॅरेजच्या दाराशी गटारावर एक तिरकी फरशी आहे. तिच्यावरून पुढचं चाक धाडकन खाली उतरलं आणि 'टक'! गार वारा सुरू. मी तिथंच गाडी थांबवली, मागे गेलो आणि त्या पोराला खूश होऊन पन्नास रुपये दिले. खरं म्हणजे ते गटाराला द्यायला हवे होते.

एसी घरापर्यंत चालला. दुसऱ्या दिवशी पुन्हा भट्टी.

त्यानंतर आमच्या घरात एक नवा सिद्धान्त जन्माला आला. "अहो, खड्ड्यात गाडी गेली ना की गार लागतं," ही म्हणाली. मी तिला समजावून सांगितलं की खड्ड्याचा संबंध कमरेशी असतो, एसीशी नसतो. ती म्हणाली, "आपल्या गल्लीच्या तोंडाशी जो आहे ना, त्याच्यात तर दर वेळी लागतो. विजापूर रोडवरच्या नाही लागत." एवढं तपशीलवार निवेदन नागरिकांकडून क्वचितच येतं. मी जिल्हा परिषदेत ३३ वर्षं काढलीत. आवक बारनिशीवर लागलो आणि कक्ष अधिकारी होऊन निवृत्त झालो. अशा निवेदनांचं काय करायचं ते मला ठाऊक होतं. मी ते दप्तरी दाखल केलं.

त्याच नोकरीमुळे या एसीची वायरिंग मात्र मला, कुठल्याही मेकॅनिकआधी, एका दुपारीत समजली. मालकाच्या पुस्तिकेत काही नव्हतं, पण समोरच्या फिजिक्सच्या सरांनी मोबाइलवर एक आकृती दाखवली आणि माझे डोळे भरून आले. ती आकृती नव्हती, ती नस्ती होती.

आपण समजतो की बटण दाबलं की एसी लागतो. चूक. बटण म्हणजे नुसता अर्ज. त्याचा तो निळा दिवा म्हणजे अर्ज मिळाल्याची पोच, मंजुरी नव्हे. अर्जासोबत पंखा चालू असल्याचा पुरावा लागतो, पंखा बंद असेल तर अर्ज दाखलच होत नाही. मग फाईल जाते थर्मिस्टरकडे. हा डॅशबोर्डमागच्या गार जाळीला चिकटून बसलेला कारकून. जाळी शून्याच्या जवळ गेली की "आधीच गार आहे, आणखी कशाला?" असा शेरा मारून तो फाईल थांबवतो. त्याचं बरोबरच असतं, नाहीतर जाळीवर बर्फ धरेल. पुढे प्रेशर स्विच. हा अस्सल लेखा विभागातला. दाब कमी असेल तर "तरतूद नाही", दाब जास्त असेल तर "तरतुदीपेक्षा अधिक". दोन्हीकडून आक्षेप. तिथून सुटलं की फाईल साहेबांपुढे, म्हणजे इंजिनाच्या कंप्युटरपुढे. साहेब आपल्या तंद्रीत. इंजिन तापलेलं असेल तर नाही म्हणतात. तुम्ही ट्रकला ओव्हरटेक करायला पाय पूर्ण दाबला असेल तर "सध्या निकडीचं काम आहे" म्हणून एसीची फाईल काही सेकंद बाजूला ठेवतात. सगळं जुळलं की सही. सही छोटीशी, अगदी क्षीण करंटची. त्या सहीनं रिले नावाचा शिपाई उठतो आणि मोठ्या करंटचं दार उघडतो. तो करंट फ्यूजमधून, माझ्या गाडीत १० अँपिअरच्या लाल फ्यूजमधून, कॉम्प्रेसरच्या कॉइलपर्यंत जातो. फ्यूज बिचारा प्रामाणिक. घोटाळा कुणाचाही असो, निलंबित तोच होतो.

आणि मग 'टक'.

या 'टक'चीही एक जन्मकथा आहे. अमेरिकेत पॅकार्ड कंपनीनं १९४० च्या मॉडेलांत एसी बसवून द्यायला सुरुवात केली तेव्हा 'टक' नव्हतंच. किंमत २७४ डॉलर, आणि यंत्राचा बराच भाग डिकीत, म्हणजे बॅगांच्या जागी. कॉम्प्रेसर पट्ट्यानं इंजिनाला कायमचा बांधलेला. आता गार पुरे असं वाटलं, तर गाडी थांबवायची, इंजिन बंद करायचं, खाली उतरायचं, बॉनेट उघडायचं आणि पट्टा हातानं काढून ठेवायचा. ती कल्पना तिकडे फार टिकली नाही. आपल्याकडे टिकली असती. सिग्नलला गजरे आणि मोबाइलचे स्टँड विकणाऱ्यांच्या जोडीला पट्टा काढून देणारी पोरं उभी राहिली असती, काढायचे दहा, घालायचे वीस.

आता पट्टा कायम फिरतो आणि पुलीही फिरते, पण पुलीसमोरची लोखंडी चकती मात्र स्वस्थ उभी असते. दोघींमध्ये अर्ध्या मिलिमीटरची फट. झेरॉक्सचे चार-पाच कागद एकावर एक ठेवले तर जाडी होते तेवढी. पुलीच्या पोटात तांब्याच्या तारेची कॉइल. तिच्यात करंट आला की ती चुंबक होते, चकतीला खेचून घेते, टक, आणि कॉम्प्रेसर फिरू लागतो. एवढ्याशा फटीवर सगळा उन्हाळा टांगलेला.

तर फाईल कुठल्या टेबलावर अडली हेच शोधायचं होतं. फिजिक्सचे सर आनंदानं मदतीला आले. निवृत्त झाल्यापासून त्यांच्या मल्टिमीटरला कुणी काम दिलं नव्हतं. "पट्ट्यापासून हात लांब," असा इशारा त्यांनी मला चार वेळा दिला आणि स्वतःच्या चष्म्याची लोंबती दोरी पाचव्या वेळी लक्षात आल्यावर शर्टात खोचली. मग इंजिन चालू करून मीटरचं काळं टोक बॅटरीच्या मायनसला लावलं आणि लाल टोक कॉइलच्या एका वायरला. १३.९ व्होल्ट. "करंट आहे!" सर ओरडले. आम्ही दोघांनी एकमेकांचं अभिनंदन केलं. मग इंजिन बंद करून, प्लग काढून त्यांनी कॉइल मोजली. ३.८ ओहम. भागाकार तोंडीच. "साडेतीन अँपिअरच्या वर जातोय. जवळजवळ ५१ वॅट. कॉइल उत्तम, व्होल्टेज उत्तम. गणितानं एसी चालू असायला पाहिजे."

"पण चालू नाही."

सरांनी गाडीकडे अशा नजरेनं बघितलं, जणू चूक गाडीची होती. "रंग छान दिलाय," जाता जाता ते म्हणाले.

हा मीटरचा एक स्वभाव मला नंतर कळला. मीटर वायरकडून काम मागत नाही, फक्त विचारपूस करतो. वायरीची पुढची वाट तुटलेली असली तरी ती मीटरला बेधडक १३.९ सांगते. काही नातेवाईक नाही का, "काही लागलं तर अर्ध्या रात्री हाक मारा" म्हणतात. हाक मारून बघायची असते अर्ध्या रात्री, मग व्होल्टेज कळतं.

त्या रविवारी पुण्याहून मुलाचा व्हिडिओ कॉल आला. "बाबा, रिले बघा. हॉर्नचा आणि एसीचा रिले सारखाच असतो, अदलाबदल करा. एसी लागला तर रिले खराब." कल्पना शास्त्रशुद्ध होती. मी एका हातात मोबाइल धरून बॉनेटमधल्या काळ्या डबीचं झाकण काढलं. हॉर्नचा रिले उपटला, एसीच्या जागी बसवला. एसीचा उपटलेला रिले बोटांत होता, तो निसटला. टण, टिण, टण असे तीन आवाज झाले. आम्ही बाप-लेक चौथ्या आवाजाची वाट बघत राहिलो. तो झालाच नाही. रिले जमिनीवर पडलाच नाही. इंजिनाच्या पोटात कुठल्यातरी कप्प्यात तो कायमचा स्थायिक झाला. मी गाडीखाली सतरंजी घालून झोपलो, बॅटरीचा उजेड मारला, तरी मिळाला नाही.

आता रिले एक आणि जागा दोन. एसी तर नव्या रिलेनंही लागला नव्हता, पण "उद्या लागेलच" या आशेवर मी तो तिथंच राहू दिला. म्हणजे हॉर्न गेला. नवा रिले दीडशे-दोनशेला मिळतो, उद्या आणू म्हटलं.

सोलापुरात हॉर्नशिवाय गाडी चालवणं हा एक अनुभव आहे. संध्याकाळी नवी पेठेत दोन्ही बाजूंना दुकानं, मधे हातगाड्या, हातगाड्यांच्या मधे माणसं आणि माणसांच्या मधे आपण. हॉर्न असतो तेव्हा आपण 'पॉं' म्हणतो, समोरचा न बघता सरकतो, कुणाचा कुणावर राग नसतो. हॉर्न नसला की खिडकीतून डोकं बाहेर काढून "अहो, जरा सरकता का?" म्हणावं लागतं. माणसं वळून बघतात. अपमान झाल्यासारखी बघतात. एक गृहस्थ म्हणाले, "तोंडानं काय बोलता ओ, हॉर्न वाजवा की!" एसी नसल्यानं काचा उघड्याच असत, त्यामुळे ओरडायला सोपं जाई, एवढाच काय तो फायदा. गल्लीच्या तोंडाशी खड्डा आला की आत कुठंतरी तो हरवलेला रिले टिणकन वाजायचा आणि लगेच एसी लागायचा. "बघा!" ही म्हणायची. मी म्हणायचो, "योगायोग."

मधे एक आठवडा उंदरांत गेला. उंदीर वायरी कुरतडतात हे खरं आहे, आणि गाडी झाकून ठेवणाऱ्यांकडे जास्त येतात हेही आमच्या पार्किंगमधलं निरीक्षण आहे. लेंड्या दिसल्या नाहीत, तरी हिनं बॉनेटमध्ये डांबराच्या गोळ्या ठेवल्या आणि कुणीतरी सांगितलं म्हणून मी तंबाखूची पानं ठेवली. दोन दिवस गाडीत बसलं की आजोबांच्या लोकरी कोटाच्या खिशात बसल्यासारखं वाटायचं. त्या काचेच्या गॅरेजवाल्यानं फोनवरच निदान केलं की आता बहुतेक कॉम्प्रेसरच गेला असणार, २२,००० होतील. ते ऐकून मी इस्त्रीवाल्याकडे गेलो, कारण गॅसच्या बाबतीत जी चूक सगळ्यांनी केली होती ती त्यानं सगळ्यात शेवटी केली होती. त्यानं अक्कलकोट रोडवरच्या एका वायरमनचा पत्ता दिला. "ट्रॅक्टर-टेम्पोची कामं करतो, पण डोस्कं आहे."

पत्र्याची टपरी, पुढं लिंबाचं झाड, झाडाला टांगलेले जुने हॉर्न. आम्ही दोघं सकाळी नऊला पोचलो तर तिथं आधीच तीन गाड्या. तिथं बसून मी जे बघितलं ते सिव्हिल हॉस्पिटलच्या चांगल्या दिवसातल्या ओपीडीसारखं होतं. वायरमन पंचेचाळिशीचा, कानामागे पेन्सिल. बॉनेट तो उघडतच नव्हता, आधी प्रश्न.

पहिला एक प्रवासी गाडीचा ड्रायव्हर. "मामा, हायवेला गार मारतो, सिग्नलला गरम."

"पुढचा पंखा बघ."

झालं निदान. पळत्या गाडीला वारा फुकट मिळतो, उभ्या गाडीला पंखाच घालावा लागतो. पंख्याला करंट येत होता, तरी तो मख्ख. वायरमननं एक काडी घेऊन पात्याला हलकेच ढोसलं तसा तो भर्रकन फिरायला लागला. "कार्बन झिजलेत. झोपेतनं उठवायला लागतंय."

दुसऱ्या एक शिक्षिका. "एक, दोन, तीनला वाराच नाही. चारला एकदम वादळ."

"रेझिस्टन्स गेला, मॅडम." खालच्या तीन नंबरांना करंट रेझिस्टरमधून गाळून मिळतो, चार नंबर थेट. रेझिस्टर जळाला की खालची तिन्ही टेबलं रिकामी आणि चौथं मात्र जोरात. मला ही रचना ओळखीची वाटली. तालुक्याला, जिल्ह्याला कुणी विचारत नाही, पण मंत्रालयातनं फोन आला की काम होतं.

तिसऱ्याची गाडी बघून मात्र वायरमन गप्प झाला. कुणीतरी प्रेशर स्विच काढून तिथं वायरचा तुकडा पिळून ठेवला होता. 'डायरेक्ट' केलं होतं. आपल्याकडे डायरेक्ट हा फार लाडका शब्द आहे. पंपाचा ऑटो बिघडला, डायरेक्ट करा. फ्यूज उडतो, डायरेक्ट करा. मधला जो कुणी शंका विचारत असेल त्याला काढून टाकायचं. पण तो शंका विचारायलाच तर तिथं बसवलेला असतो. त्या गाडीत गॅस गळून गेला तरी कॉम्प्रेसर फिरतच राहिला, तेल पोचेना, जाम झाला. "डायरेक्ट करायला पाच मिनिटं लागली असतील त्याला," वायरमन म्हणाला. लेखा विभागाविषयी माझ्या मनात आयुष्यात पहिल्यांदाच जरा आदर दाटून आला.

मग आमचा नंबर. मी घसा साफ करून पार्श्वभूमी सांगायला लागलो. प्रथम गॅस, त्यानंतर १३.९ व्होल्ट, ३.८ ओहम, रिलेची अदलाबदल, उंदीर, असं तारीखवार. त्यानं मधेच हिच्याकडे बघून विचारलं, "काकू, तुम्हाला काय वाटतंय?"

"खड्ड्यात गेली की लागतो," ही म्हणाली.

मी हसायच्या तयारीत होतो. तो हसला नाही. "कुठलं चाक गेल्यावर? डावं का उजवं?"

"उजवं. आमच्या गल्लीतला उजवीकडं आहे. विजापूर रोडचा डावीकडं, त्यानं नाही लागत."

इतके आठवडे दप्तरी पडलेलं निवेदन असं तीस सेकंदांत निकाली निघताना मी बघत होतो. "आणि गाडीला मार कुठं बसला होता?" त्यानं विचारलं. "दिवाळीला, पुढं उजवीकडं," हिनंच सांगितलं.

त्यानं बॉनेट उघडलं. आता याचंही कौतुक ऐकून घ्यायचं म्हणून मी उभा राहिलो. तो पट्टीकडे बघत म्हणाला, "रंग झकास बसलाय." पण सूर वेगळा होता. पोलीस शेजाऱ्याला "काल रात्री घरीच होता ना?" असं विचारतात, तसा.

त्याचं हत्यार म्हणजे इंडिकेटरचा एक बल्ब, त्याला दोन वायरी, एका टोकाला चिमटा, दुसऱ्याला टोकदार सळई. इंजिन चालू करायला लावलं, बटण दाबायला लावलं, चिमटा बॅटरीच्या मायनसला लावला. सळई कॉइलच्या लाल वायरीला टेकवली. बल्ब लखलखीत पेटला. "करंट आलाय," मी म्हणालो, कारण एवढं मला माहीत होतं. मग त्यानं सळई कॉइलच्या दुसऱ्या, काळ्या वायरीला टेकवली. तिथंही बल्ब पेटला. जरासा पिवळट, पण पेटला.

"बघा," तो म्हणाला. या वेळी मी विचारलं, "काय बघायचं?"

"काळी वायर म्हणजे अर्थिंग. तिच्यावर दिवा पेटायला नको. करंट आत गेला, कॉइलमधनं पलीकडं आला, पण परत जायला वाट नाही. म्हणून तुंबून बसलाय."

मी मटकन स्टुलावर बसलो. बारनिशीवर नोकरी सुरू केलेल्या माणसाला हे सुचू नये! आवक सगळ्यांनी तपासली होती. मी, सरांनी, मुलानं, आवकेचं एकेक टेबल तपासलं होतं. जावक कुणी बघितलीच नव्हती. करंटला बॅटरीपासून निघून बॅटरीलाच परत जायचं असतं. गाडीचा पत्रा हाच त्याचा परतीचा रस्ता, आणि त्या रस्त्याचं दार म्हणजे पट्टीवरचा एक बोल्ट. डेंटिंगवाल्यानं बोल्ट काढला, पट्टीला अस्तर आणि तीन हात रंग दिला आणि त्या सुंदर रंगावर बोल्ट परत आवळला. रंगातनं करंट जात नाही. आट्यांना कुठंतरी नखाएवढा पत्रा लागत होता, तो हिवाळ्यात, एसी बंद असताना, गंजला. उजवं चाक आपटलं की पट्टी थरथरायची, आटा पत्र्याला क्षणभर टेकायचा, टक.

वायरमननं एक जाड वायर घेऊन एक टोक बॅटरीच्या मायनसला आणि दुसरं त्या काळ्या वायरीला टेकवलं. टक. काढलं, टक. टेकवलं, टक. तो हे दोनदाच करणार होता, पण हिच्या चेहऱ्याकडे बघून त्यानं तिसऱ्यांदा केलं.

मग पान्यानं बोल्ट काढला. खाली आरशासारखा रंग. पॉलिश पेपरनं त्यानं रुपयाएवढी जागा घासली, पांढरा पत्रा उघडा पडला, बोल्ट आवळला, वरून बोटभर व्हॅसलीन फासलं. दहा मिनिटं. "किती?" म्हटलं. "द्या दोनशे." आणि मी, ज्यानं नको असलेल्या गॅसला हूं की चूं न करता १,८०० मोजले होते, वर पन्नास बक्षीस दिले होते, तो मी म्हणालो, "दीडशे घ्या की." हिनं माझ्याकडे जे बघितलं ते मीटरनं मोजता आलं नसतं. दोनशे दिले.

"अजून काही आहे का गाडीत?" त्यानं हात पुसत विचारलं.

"नाही, नाही. काही नाही," मी म्हणालो.

दुपारी बाराला निघालो. बाहेर बेचाळीस, आत माघ महिना. काचा बंद, गाडी गार. ही गाणं गुणगुणत होती. ठोकरांची आता गरज उरली नव्हती, तरी रस्त्यात उजवीकडे खड्डा दिसला की माझा हात आपोआप तिकडे वळत होता. "आता कशाला?" ही म्हणाली. खड्ड्यात चाक गेलं, तो रिले आत टिणकन वाजला, एसी आपला चालूच राहिला.

नवी पेठेच्या तोंडाशी नेहमीची गर्दी होती. समोर केळ्यांची हातगाडी आडवी, गाडीवाला पाठ करून सुटे मोजत उभा. मी हॉर्नवर हात ठेवला. अगदी सगळा जोर लावून ठेवला. आत पूर्ण शांतता.

आम्ही दोघांनी एकमेकांकडे बघितलं. मग मी काच खाली घेतली, सगळा माघ महिना एका झटक्यात रस्त्यावर सांडला, आणि डोकं बाहेर काढून म्हणालो, "अहो, जरा सरकता का?"